ओटीवरचा आवाज

गृहस्थाने पन्नाशी उलटल्यावर नवी विद्या शिकू नये, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही; मात्र त्या विद्येत शिडी, तारा आणि भिंतीला पाडावयाची भोके यांचा अंतर्भाव होत असेल तर घरातील मंडळींचा कौल आधी घ्यावा, एवढे आम्ही स्वानुभवावरून सांगू शकतो. गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक काळी, रुंद, अतिशय जड आणि पाठीमागच्या बाजूस चाळणीप्रमाणे छिद्रे असलेली पेटी आली. तिला होम थिएटर रिसीव्हर म्हणतात. चिरंजीवांनी ती सिनेमाकरिता आणविली. आम्ही तिच्या खरेदीस संमती दिली ती मात्र निराळ्याच हेतूने. तो हेतू काय होता, तो कसा सफल झाला आणि सफल झाल्यावर कसा फसला, हे सांगावे म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे.

आमचे घर पुण्यातील जुन्या बैठ्या घरांपैकी एक आहे. अशी घरे आगगाडीच्या डब्यासारखी लांबट असतात. पुढे दिवाणखाना, त्यामागे दोन खोल्या, मग एक अरुंद बोळ, त्याच्या बाजूस स्वयंपाकघर, आणि सर्वांत शेवटी, परसदाराकडे उघडणारी, आईची खोली. आई ८४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले. परंतु तेव्हापासून तिचा संचार पलंगापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत, एवढाच उरला. दिवाणखान्यात सकाळी अभंग लागतात, रविवारी एखादा ख्याल लागतो, स्नेही येतात, चहा होतो, वादविवाद होतात. या सर्वांपैकी आईपर्यंत पोहोचे तो केवळ गाळ. तबल्याचा ठेका ऐकू येई, पण तान बोळातच हरपे. हशा ऐकू येई, पण विनोद कळत नसे. “काय झाले रे?” असे ती आतून विचारी, आणि “काही नाही, आई” असे उत्तर आमच्यापैकी कोणीतरी बाहेरून देई. पुष्कळ घरांत वृद्धांशी होणारे संभाषण या दोन वाक्यांतच आटोपते.

अशा वेळी एखादा शहाणा मनुष्य उठून आईजवळ जाऊन बसला असता. आम्ही प्राध्यापक पडलो. आम्ही यंत्राचे माहितीपुस्तक वाचावयास घेतले.

त्या पुस्तकात जी गोष्ट वाचून आमचे डोळे विस्फारले ती अशी. या यंत्राच्या पोटात सात ॲम्प्लिफायर असतात. सामान्य सिनेमास त्यांपैकी पाच पुरे होतात: समोर तीन स्पीकर, मागे दोन. उरलेले दोन यजमानाची इच्छा असेल तर दुसऱ्या एखाद्या खोलीच्या सेवेस लावता येतात. त्या खोलीस यंत्राच्या भाषेत ‘झोन टू’ असे नाव आहे. दिवाणखान्यात एक गाणे आणि दुसऱ्या खोलीत दुसरे, किंवा दोन्हीकडे एकच, पण आवाज मात्र ज्या त्या खोलीच्या सोयीने लहानमोठा, अशी ही व्यवस्था आहे. आम्हास हर्ष झाला. जे गाणे आम्ही ऐकतो तेच, तितकेच स्वच्छ आणि त्याच क्षणी, आईच्या उशाशी ऐकू येईल! बोळाची लांबी नाहीशी होईल! घराचे दोन तुकडे झाले आहेत ते पुन्हा सांधले जातील! मनुष्य यंत्र विकत घेतो तेव्हा त्याच्या मनात किती उद्गारचिन्हे असतात, हे विकणारांस पक्के ठाऊक असते.

पहिला प्रयोग चिरंजीवांच्या सल्ल्याने झाला. “बाबा, तारांची भानगड कशाला? एक ब्लूटूथ स्पीकर आजीच्या उशाशी ठेवू,” असे ते म्हणाले. तसा ठेवला. भीमसेनांचा अभंग सुरू झाला, आणि पाचच मिनिटांत आतून हाक आली, “अरे, हे दोघे कोण गाताहेत? एक पुढे जातो आहे, दुसऱ्याला गाडी सापडत नाही!” आम्ही बोळात जाऊन उभे राहिलो. आईचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ब्लूटूथने पाठविलेला आवाज आधी बारीक बारीक तुकड्यांत बांधला जातो, हवेतून येतो, पुन्हा सोडविला जातो. या सोपस्कारात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सेकंदाचा पाचवा हिस्सा ही संसारात क्षुल्लक गोष्ट असेल, पण द्रुत लयीत तेवढ्यात तबलजीचे बोल पुढे निघून जातात. समेवर दिवाणखाना आधी यावयाचा आणि मागील खोली नंतर, असा प्रकार होऊ लागला. बोळाच्या मध्यभागी उभे राहणारास तर दोन्ही समा मिळत आणि एकही धड मिळत नसे. तो स्पीकर त्याच दिवशी चिरंजीवांच्या मालकीचा झाला.

मग तारांचा मार्ग पत्करला. दिवाणखान्यातून आईच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेकडेने, दरवाजांच्या चौकटींवरून तार न्यावयाची म्हणजे १५ मीटर लागे. इतक्या लांबीत आवाज ‘मरेल’ अशी भीती दुकानातील माणसाने घातली व मनगटाएवढी जाड आणि तितकीच महाग तार पुढे केली. आम्ही घरी येऊन हिशेब केला. १६ गेजच्या तांब्याच्या तारेचा विरोध हजार मीटरला सुमारे १३ ओहम असतो. जाऊन येऊन ३० मीटरला तो ०.४ ओहम भरतो. स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे वाटेत खर्च होणार तो विसावा हिस्सा. एवढा कर तर महानगरपालिकाही सोडणार नाही. साधी तार आणली. सौभाग्यवतींनी रंगाच्या पोपड्यांकडे पाहून मौन धरले. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडले. एका स्पीकरास हे उलट झाले तेव्हा दोन्ही मिळून एक पोकळ, नाकातला असा आवाज निघाला व अर्धा दिवस आम्ही यंत्रास शिव्या दिल्या.

यंत्राच्याही काही अटी निघाल्या. दिवाणखान्यातील टीव्हीचा किंवा डिस्कचा आवाज एचडीएमआयच्या तारेने यंत्रात येतो. तो दुसऱ्या खोलीकडे पाठवावयास आमचे यंत्र तयार नव्हते. रेडिओ, इंटरनेटवरील गाणी आणि जुन्या पद्धतीच्या लालपांढऱ्या तारांनी येणारा आवाज, एवढ्यांनाच मागच्या खोलीत प्रवेश. थोड्या पैशांच्या यंत्रांत हा भेद पुष्कळदा असतो आणि माहितीपुस्तकात तो बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. तेवढ्यात आमची हाव वाढली. आईच्या खोलीत आवाज गेला, मग स्वयंपाकघराने काय पाप केले? परसातील तुळशीपाशीही एक जोडी का नसावी? त्याच दोन टोकांना आम्ही आणखी दोन जोड्या जोडल्या. आता ८ ओहमच्या दोन स्पीकरांना शेजारी शेजारी जोडले की यंत्रास ४ ओहम दिसतात, आणि तीन जोडले की तीनांहूनही कमी. विरोध जितका कमी तितका वीजप्रवाह अधिक. एका रविवारी, आलाप संपून बडा ख्याल जमतो न जमतो तोच यंत्राने टक् असा आवाज करून डोळे मिटले. त्याने स्वतःचा जीव वाचविण्याकरिता तसे केले होते. पाठीवर हात ठेवला तर तवा. आम्ही मुकाट्याने स्वयंपाकघर आणि तुळस यांच्या जोड्या काढल्या.

असो. अखेर सर्व सिद्ध झाले. कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही दिवाणखान्यात अभंग लावला आणि आईच्या दारात जाऊन उभे राहिलो. स्वर न् स्वर स्वच्छ, टाळांचा किणकिणाट वेगळा, पखवाजाची थाप वेगळी. आई डोळे मिटून ऐकत होती. “छान आहे,” ती म्हणाली. आम्ही कृतकृत्य झालो. त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येक स्नेह्यास आम्ही त्या दारापर्यंत नेऊन आणले.

दहाबारा दिवसांनी आमच्या लक्षात आले की आईच्या खोलीतील आवाज बंद असतो. कामवाल्या बाईंना विचारले. “आजीच बंद करायला सांगतात,” असे उत्तर आले. प्रथम आम्हास वाटले, स्पीकर मोठा होत असेल. लहान केला. पुन्हा बंद. मग एका दुपारी पलंगाच्या कडेवर बसून आम्ही तिला सरळच विचारले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गाणे चांगले ऐकू येते रे. पण ते सुरू झाले की घरात कोणी नाही असे वाटते.”

हे वाक्य आम्हास समजले नाही. कबूल करावयास हरकत नाही की ते थोडेसे लागलेही. इतकी खटपट आम्ही केली ती आईला एकटे वाटू नये म्हणून. आणि तिचा परिणाम म्हणजे घरात कोणी नाही! म्हातारपणी माणसे काहीतरी बोलतात, अशी मनाची समजूत घालून आम्ही उठलो. परंतु काही वाक्ये अशी असतात की ती समजूत घालू देत नाहीत.

त्या रात्री आई आपण होऊन बोलू लागली. तिचे माहेर सदाशिव पेठेतील एका वाड्यात होते. तो वाडा आता नाही. १९५३ साली पुण्यात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास तिच्या काकांनी रेडिओ घेतला. तो ओटीवर असे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात ५६ गीते झाली. वाड्यात त्या वेळी सारे बिऱ्हाडकरू ओटीवर जमत. पुरुषमंडळी रेडिओजवळ, मुले पायऱ्यांवर, बायका माजघराच्या उंबऱ्यापर्यंत. आई तेव्हा पंधरा वर्षांची. तिच्या वाट्यास माजघरातले काम असे. “मी सगळे गीतरामायण तांदूळ निवडता निवडता ऐकले,” ती म्हणाली, “ओटीवरून येईल तेवढे. एखादा शब्द निसटायचा. मग रात्री काकूंना विचारायचे. पण गाणे चालू असताना काका खाकरायचे, कोणी ‘वा’ म्हणायचे, ते सगळे त्यातच ऐकू यायचे. गाणे ओटीवर असायचे.”

गाणे ओटीवर असायचे! आम्ही अंथरुणावर पडल्यावर हे शब्द पुन्हा पुन्हा मनात घोळविले. आम्ही समजत होतो की दूर असणे हा गाण्यातला दोष आहे आणि तो दूर केला पाहिजे. आईच्या दृष्टीने दूर असणे हा त्या गाण्याचा पत्ता होता. ते ओटीवरून येते, म्हणजे ओटी आहे. ओटीवर माणसे आहेत. आणि आपण त्याच घरात, थोड्या आत, आहो. जुन्या घरात प्रत्येक आवाजास असे ठिकाण असे. देवघरातली घंटा, विहिरीवरचा रहाट, वेशीकडून येणारा वासुदेव. डोळे मिटून पडलेल्या माणसाला त्या आवाजांवरून सारे घर आणि अर्धी आळी दिसत असे. आम्ही आईच्या उशाशी गाणे आणून ठेवले तेव्हा तिच्याजवळचा दिवाणखाना काढून घेतला.

पण हे निव्वळ भावनेने झाले काय? दिवाणखान्यातले स्पीकर तर चालूच होते. त्यांचा आवाज पूर्वीप्रमाणे बोळातून आईपर्यंत पोहोचतच होता. मग तो तिला ऐकू का येऊ नये? येथे आम्हास आमच्याच कॉलेजातील एक गोष्ट आठवली. आमच्या मोठ्या व्याख्यानगृहात मागील बाकांच्या बाजूस भिंतीवर स्पीकर बसविले आहेत. ते बसविल्यापासून मागे बसणारी मुले व्याख्यात्याकडे पाहीनाशी झाली. आम्ही त्यास युगधर्म समजत होतो. एकदा परीक्षेच्या पर्यवेक्षणात आम्ही स्वतः मागे बसलो असता पुढून एक सहकारी ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊ लागले, आणि त्यांचे ओठ समोर हलत असताना त्यांचे शब्द आमच्या डाव्या कानाशी, भिंतीतून निघू लागले. अशा वक्त्याकडे कोण पाहील?

याचे कारण ध्वनिशास्त्राने शोधून ठेवले आहे. १९४९ साली हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने ग्योटिंगेन येथे या विषयावर प्रबंध लिहिला; त्याच वर्षी अमेरिकेतही वॉलक, न्यूमन आणि रोझेनझ्वाइग या तिघांचा याच विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने कानावर आला, तर कान त्याला दोन ध्वनी समजत नाही. जो आधी आला तो जिकडून आला तिकडेच आवाजाचे घर आहे, असा तो निकाल देतो. मागून येणारा ध्वनी वाया जात नाही. तो पहिल्याला बळ देतो, स्पष्टता देतो. पण स्वतःचा ठिकाणा मात्र गमावून बसतो. सुमारे तीस मिलिसेकंदांपर्यंत हा नियम उत्तम चालतो. अंतर पन्नासाच्या पुढे गेले की बोलणे फुटू लागते, आणि दीडशे-दोनशे झाले म्हणजे आमच्या ब्लूटूथचे दोन गवई दिसू लागतात.

आता आमच्या घराचा हिशेब पाहा. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. तारेतून वीज मात्र निमिषार्धात पोहोचते. दिवाणखान्यातील स्पीकरपासून आईच्या उशीपर्यंत आम्ही फीत लावून मोजले: ११ मीटर. म्हणजे तिकडचा आवाज तिच्याकडे चालत येण्यास ३२ मिलिसेकंद लागणार. उशाजवळचा स्पीकर १ मीटरवर. त्याचा आवाज ३ मिलिसेकंदांत कानी पडणार. उशाजवळचा आधी, दिवाणखान्यातला २९ मिलिसेकंदांनी मागाहून. कानाने निकाल दिला: गाणे येथेच आहे, भिंतीजवळच्या या पेटीत आहे. दिवाणखान्यातला आवाज दाराशी येऊन उभा राही, पण त्याचे नाव कोणी घेत नसे. आई म्हणाली होती की गाणे लागले की घरात कोणी नाही असे वाटते. हासने प्रबंध लिहून जे सिद्ध केले तेच ती पलंगावर पडून, यंत्रावाचून, दहा दिवसांत सांगून मोकळी झाली होती.

रोग कळला तसा उपायही त्याच नियमात सापडला. हा उपाय आमचा नव्हे. मोठ्या सभागृहांत आणि चर्चमध्ये तो पूर्वीच योजिलेला आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या आरंभी मागील स्पीकरांचा आवाज मुद्दाम क्षणभर रोखून धरण्याची योजना केली होती. धर्मोपदेशकाचा आवाज आधी पोहोचतो, स्पीकरचा मागाहून. श्रोत्याला शब्द स्पष्ट मिळतात आणि तरीही ते समोरच्या माणसाच्या मुखातूनच आल्यासारखे वाटतात. आमच्या आईच्या खोलीत एवढेच करावयाचे होते. तिच्या स्पीकरने दिवाणखान्याच्या आवाजाची वाट पाहावी आणि मग, त्याच्या मागे दहाबारा मिलिसेकंद राहून, हलक्या आवाजात बोलावे.

‘झोन टू’ मध्ये अशी वाट पाहण्याची सोय आमच्या यंत्रात नव्हती. परंतु सिनेमाच्या भागात होती. तेथे प्रत्येक स्पीकर श्रोत्यापासून किती अंतरावर आहे ते लिहावयाचे असते, ०.३ मीटरपासून २४ मीटरपर्यंत. जो जवळ आहे असे आपण सांगू त्याचा आवाज यंत्र तेवढा रोखून धरते, म्हणजे सर्वांचा आवाज श्रोत्याकडे एकदमच पोहोचावा. आम्ही आईच्या खोलीस ‘झोन टू’ हे पद सोडावयास लावले आणि तिच्या दोन स्पीकरांस दिवाणखान्याचेच ‘मागचे स्पीकर’ म्हणून नोंदविले. तारा तिथल्या तिथेच राहिल्या. बदलला तो केवळ कागदावरचा हुद्दा. सर्व स्पीकरांतून एकच गाणे वाजविण्याची जी रीत यंत्रात आहे ती लावली. मग अंतरे. आईचे स्पीकर १ मीटर: हे सत्य. दिवाणखान्यातले ११ मीटर: हेही सत्य, पण हे लिहिले तर दोन्ही आवाज एकदमच तिच्या कानी पोहोचतील. म्हणून आम्ही ११ च्या ठिकाणी १५ लिहिले. जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिकांतील खोटी विधाने लाल शाईने खोडीत आलो. पण हे चार मीटरांचे असत्य आम्ही अत्यंत शांत चित्ताने यंत्रापाशी नमूद केले. त्या असत्याने आईचा स्पीकर १२ मिलिसेकंद मागे राहिला.

परीक्षक अर्थात आई. तिला काय केले ते सांगितले नाही. अभंग लावला आणि पलंगापाशी जाऊन विचारले, “आई, गाणे कुठे आहे?” तिने डोळे मिटले, मान थोडी वळविली आणि दाराकडे बोट केले. “बाहेर,” ती म्हणाली. “बाहेर लावले आहेस ना? आज शब्द कळताहेत.” आम्ही उशाजवळचा स्पीकर बंद केला. “आता गेले शब्द.” पुन्हा चालू केला. “आता आले.” “या पेटीतून येतात का?” आईने पेटीकडे पाहिले. “ती कुठे चालू आहे?” ती म्हणाली.

एक फटफजिती सांगितली पाहिजे. ‘मागचे स्पीकर’ या हुद्द्याबरोबर त्या हुद्द्याची कामेही आईच्या खोलीकडे गेली होती, हे आमच्या ध्यानात आले नाही. शनिवारी रात्री चिरंजीवांनी एक युद्धाचा सिनेमा लावला. सिनेमात जे श्रोत्याच्या पाठीमागे घडावयाचे असते ते सारे बोळाच्या टोकाला घडू लागले. आम्ही दिवाणखान्यात तुरळक गोळीबार पाहत होतो आणि विमाने आईच्या पलंगावरून जात होती. आई घाबरली नाही. “तुमचे संपले की सांगा, म्हणजे मी झोपेन,” एवढेच तिने आतून कळविले. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाणाऱ्या तारेत एक साधी कळ बसविली, ती तिच्या हाताशी. एका बाबतीत मात्र लाभ झाला. टीव्हीचा आवाज पूर्वी तिच्याकडे जात नसे तो आता जाऊ लागला, आणि संध्याकाळचे कीर्तन तिला मिळू लागले.

येथे हा लेख संपविता आला असता, आणि तो संपविला असता तर आमच्या चातुर्याची कहाणी म्हणून शोभलाही असता. परंतु पौषातल्या एका सकाळी जे घडले ते सांगितल्यावाचून सुटका नाही. आम्ही नेहमीप्रमाणे अभंग लावला आणि काही कामाने फाटकापाशी गेलो. तेथे एक स्नेही भेटले, बोलणे वाढले. सौभाग्यवती मंडईत गेल्या होत्या, चिरंजीव कामावर. अर्ध्या तासाने आत आलो तेव्हा गाणी संपलेली होती. आईच्या खोलीत डोकावलो.

“कोण कोण बसले होते रे बाहेर?” तिने विचारले.

“कोणी नाही. मी फाटकापाशी होतो.”

“मग गाणे कोणासाठी लावले होतेस?”

“तुझ्यासाठी.”

आई गप्प राहिली. मग म्हणाली, “मी दोनदा ‘वा’ म्हटले. मला वाटले, तू ऐकतो आहेस.”

यंत्राला सांगितलेले चार मीटरांचे खोटे आम्हास तोपर्यंत निरुपद्रवी वाटत होते. पण ते यंत्राला सांगितलेले नव्हतेच. दिवाणखाना तेथे आहे, ओटीवर माणसे आहेत, असे त्या १२ मिलिसेकंदांनी आम्ही आईला रोज सकाळी सांगत होतो. आणि ती त्यावर विश्वास ठेवून, तांदूळ निवडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीप्रमाणे, ओटीकडे दाद पाठवीत होती. ओटी रिकामी होती. उशाजवळच्या पेटीने निदान तिला फसविले नव्हते.

तेव्हापासून घरात एक नियम झाला आहे. दिवाणखान्यात कोणीतरी बसल्याशिवाय गाणे लावावयाचे नाही. आणि लावले तर ते संपेपर्यंत उठावयाचे नाही. नियम लहान दिसतो, पण पाळावयास कठीण आहे. सकाळच्या वेळी प्रत्येकास कुठेतरी जावयाचे असते, आणि ज्या यंत्राने आम्हास मोकळे करावे म्हणून आम्ही ते आणले त्याने रोज अर्धा तास एका खुर्चीस बांधून टाकले आहे. चिरंजीवही रविवारी आपली पाळी देतात. आजीची ‘वा’ आली की इकडून ‘वा’ म्हणावयाचे, हे त्यांस अजून थोडे संकोचाचे वाटते, पण ते म्हणतात.

आज सकाळी अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात एक सुरेख जागा आली. आतून आवाज आला, “ऐकलीस?” आम्ही मोठ्याने “ऐकली!” म्हणालो. नेहमीप्रमाणे आमचा आवाज बोळात अर्धा हरवला असावा, कारण पुन्हा विचारणा झाली. तेव्हा आम्ही सौभाग्यवतींना खुर्चीवर बसविले, आणि उत्तर सांगावयास उठून आत गेलो.